बाळगुटीचा डबा आणि आपलं रान

(घाटमाथ्यावरच्या गावांची सामूहिक वनहक्क दाव्यांसाठी जी बैठक झाली, तिच्यात संघटनेच्या वतीने केलेलं हे भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत. ज्या वाड्यांतून कुणी येऊ शकलं नाही, तिथे संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवावं.)



दाव्याचे कागद आपण काढणारच आहोत. त्याच्या आधी हा डबा बघा. तालुक्याच्या बाजारात काष्ठौषधीचं दुकान आहे, तिथून आणला. प्लॅस्टिकचा डबा, वर गुटगुटीत पोराचं चित्र. शहरात बाळंतिणीला बघायला जाताना हा नेतात. ह्याला बाळगुटी म्हणतात. सहाणेवर दूध नाहीतर पाणी घ्यायचं, डब्यातली एकेक वस्तू तिच्यावर फिरवायची, कशाचा एक वेढा, कशाचे दोन, आणि ते चाटण बाळाला द्यायचं. पोट दुखू नये, शी साफ व्हावी, दात सोपे यावेत म्हणून. पुण्या-मुंबईतल्या आज्या सांगतात, आमच्या घरची जुनी रीत आहे. असेल. आम्ही त्यांच्या रीतीशी भांडायला उभे नाही. आम्हाला एवढंच बघायचं आहे की डब्यात जे आहे ते आलं कुठून.

चला, घोंगडीवर ओतू.

हा बदाम आणि ही खारीक. दोन्ही बाहेरचं, आपल्या मातीत होत नाही आणि आपल्या पोरांच्या गुटीत कधी पडलंही नाही. सुईणी हसून सांगतात, "बदाम आमी फोटूत बघिटला." हे जायफळ. मूळचं समुद्रापलीकडच्या बेटांवरचं, आता कोकणात आणि केरळात बागा आहेत. हे मायफळ, गाठीसारखं दिसतं ते. नावात फळ असलं तरी फळ नव्हे. तुर्कस्तान-इराणकडच्या एका झाडावर कीड बसली की तिथे अशी गाठ येते. अतिविष हिमालयातलं. ज्येष्ठमध पश्चिमेकडून आलेलं. सुंठ आणि हळकुंड शेतातलं, हळकुंड म्हटलं की सांगलीची पेठ आठवते.

हे बाजूला केलं की उरतं काय? हिरडा. बेहडा. मुरुडशेंग. सागरगोटा. कुड्याचं साल. आणि वेखंड, जो पाणथळीला कुणीतरी लावून ठेवलेला असतो. ह्यातलं काय ओळखू येत नाही, सांगा बरं? पोरंसुद्धा ओळखतात. सागरगोट्याने तर मुली खेळतात.

डबा उघडला तर अर्धं आपलं रान बाहेर पडतं. डब्यावर मात्र कारखान्याचा पत्ता आहे, गावाचं नाव कुठंच नाही.

मुरुडशेंगेपासून सुरू करू, कारण ती सगळ्यात साधी. ही पिळवटलेली शेंग. पोटात मुरडा आला की पीळ पडतो, आणि ही शेंगही पीळ घेतलेली, तेव्हा मुरड्यावर मुरडशेंग. असं बघून कुणी शिकलं की आधी गुण आला आणि मग नाव पडलं, देव जाणे. आपल्याकडे ह्या झाडाला केवण म्हणतात आणि आपण ते औषधाच्या आधी दोरासाठी ओळखतो. सालीचा वाख निघतो. कुडाच्या भिंती त्याने बांधल्या, गुरांची दावी त्याची वळली. आता विचार करा, ज्या माणसाने दोरासाठी दरसाल केवण तोडली, पुन्हा फुटवा येईल अशी तोडली, त्याला शेंग कधी हिरवी, कधी वाळते, कुठल्या उतारावर जास्त लागते हे ठाऊक असणारच. पोथी वाचून ते कळत नाही. दोर वळता वळता औषध सापडलेलं आहे.

कुड्याचंही तसंच. पावसाच्या आधी कुड्याची पांढरी फुलं आपण भाजीला आणतो, कोवळ्या शेंगाही खातो. कडू लागतं, पण पोटाला बरं. ज्याला हगवण लागली त्याला साल उकळून द्यायची हे सगळ्यांना माहीत. पुढे डॉक्टर लोकांनी त्याच सालीतून रसायन काढून आवेच्या रोगावर वापरलं. भाजी आणि औषध ह्यात आपल्याकडे भिंत नाही. शहरात भाजीचं दुकान वेगळं आणि औषधाचं वेगळं, म्हणून त्यांना वाटतं की औषध शोधून काढणारा कुणीतरी वेगळा शहाणा माणूस असतो.

आता हिरडा. ह्याच्यावर आम्ही जास्त बोलणार आहोत, कारण भीमाशंकरपासून हरिश्चंद्रगडापर्यंतच्या ह्या पट्ट्यात हिरड्यावर कित्येक घरांचं मीठमिरची आणि पोरांची वह्यापुस्तकं चालतात.

डब्यात जो हिरडा आहे तो काळा, सुरकुतलेला, टोकदार. हा बाळहिरडा. फोडून बघा, आत आठोळी नाही. आता काष्ठौषधीवाला जो मोठा पिवळसर, पाच शिरांचा हिरडा विकतो तो सुरवारी. आणि मधला, अर्धा तयार झालेला, तो चांभारी, कारण कातडं कमवायला तो लागायचा. ही तीन झाडं नव्हेत. झाड एकच. चैत्रात मोहोर, वैशाखात बाळहिरडा, आणि झाडावर ठेवला तर मार्गशीर्ष-पौषात पिकलेला. आठोळी धरायच्या आधी जे फळ उतरलं, तेच बाळहिरडा होतं. पंधरा दिवस चुकले की माल बदलला. हे पंधरा दिवस दर वर्षी एका तारखेला येत नाहीत. वरच्या सड्यावरचं झाड मागे असतं, दरीतलं पुढे. कुठल्या झाडाला ह्या वर्षी बहर आहे आणि कुठलं झाड विश्रांती घेतंय, हे फाल्गुनातच सांगणाऱ्या बाया ह्या घोंगडीच्या कडेला बसल्या आहेत.

आणि काढणं म्हणजे निम्मंच काम. वाळवायचं पुढे असतं. खडकावर पसरायचा, रात्री गोळा करायचा, वळीव आला की पोरं, म्हातारी, सगळ्यांनी धावायचं. एकदा भिजला की बुरशी धरतो आणि व्यापारी हाताने उलटापालटा करून म्हणतो, माल डागी आहे. त्याच्या एका शब्दाने आठवड्याचं काम अर्ध्या किमतीला जातं. आदिवासी विकास महामंडळ १९७२ साली झालं, त्यानंतर एकाधिकार खरेदी आली, ती आपल्याला ह्या फसवणुकीतून सोडवण्यासाठीच होती. खरेदी केंद्र वेळेवर उघडलं तर तिचा आधार होतो. नाही उघडलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

हिरड्याचा एक जुना हिशेब ऐका. इंग्रजांच्या काळात हिरडा जहाजं भरून विलायतेला जायचा, तिथल्या चामड्याच्या कारखान्यांत. तिथल्या व्यापाऱ्यांनी मालाला प्रतीप्रमाणे नावं ठेवली होती. एका प्रतीचं नाव जबलपूर, एकीचं नाव आंध्राच्या किनाऱ्यावरच्या भीमुनिपट्टणम बंदरावरून, आणि एकीचं वेंगुर्ला. आता वेंगुर्ला म्हणजे तळकोकणातलं बंदर. तिथे समुद्रकाठी हिरड्याची रानं नाहीत. हिरडा वरच्या घाटातला, माणसांच्या डोक्यावरून, बैलांच्या पाठीवरून खाली उतरलेला. नाव मात्र ज्या धक्क्यावर पोतं शिवलं त्याचं लागलं. डब्यावरच्या पत्त्याची गोष्ट नवी नाही.

त्याच काळात दुसरं काय चाललं होतं? १८७८ चा जंगल कायदा आला. मुंबई इलाख्यात रानांना खुणा ठोकल्या, राखीव झाली. काल जो माणूस हिरडा वेचत होता तो आज गुन्हेगार. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर जे लिहिलं ते हेच, की रानातली फळं-पानं आणि गुरांचा चारा ह्यांच्यावर जगणाऱ्या गरिबांची वाट बंद झाली. हिरडा तर जातच राहिला. फक्त वेचणाऱ्याच्या नावावर तो कधी लिहिला गेला नाही. सरकारच्या वहीत तो 'गौण उत्पन्न' झाला. गौण म्हणजे किरकोळ. ज्याच्यावर आपलं वर्ष निघतं ते त्यांना किरकोळ.

आणि झाडाचं बघा. १९६४ चा महाराष्ट्राचा झाडतोडीचा कायदा आहे. परवानगीशिवाय तोडता येणार नाहीत अशा झाडांची यादी त्याला जोडलेली आहे, तिच्यात हिरडा आहे. म्हणजे सरकारलाही हिरड्याची किंमत कळलेली आहे. तरी सह्याद्रीत कोळशाच्या भट्ट्यांनी काय केलं ते म्हाताऱ्यांना विचारा. मालकीच्या बांधावरचीसुद्धा झाडं चार पैसे उचल देऊन नेली. आपल्यातल्याच काहींनी विकली, ते लपवायचं कारण नाही. घरात दाणा नव्हता. पण आजही बाजारात भाव चढला की फांद्या ओरबाडणारे हात आपलेच असतात, हेही इथे सांगून ठेवतो. फांदी मोडली की पुढची दोन वर्षं तिथे फळ नाही, हे ज्याला माहीत आहे तोच ती मोडतो ह्याचं जास्त वाईट वाटतं.

बरं. आता कुणी म्हणेल, हा सगळा हिरडा-बेहड्याचा पाढा दाव्याच्या बैठकीत कशाला?

तर ऐका. आपल्या भागातल्या एका गावाचा सामूहिक दावा मागच्या महिन्यात परत आला. गावाचं नाव इथे घेत नाही, त्यांची पुन्हा सुनावणी व्हायची आहे. कागदावर एक ओळ लिहिलेली, की वहिवाटीचा लेखी पुरावा जोडलेला नाही. लेखी! ज्यांच्या आज्यांना सही करायला अंगठा होता, त्यांनी हिरडा वेचल्याची पावती कुठून आणायची? दंडाच्या पावत्या मात्र आहेत. रान आपलं असल्याचा आपल्याकडे असलेला लेखी कागद म्हणजे रानात पकडल्याची पावती. हसू नका, तीसुद्धा जपून ठेवा, कामाला येते.

त्या रात्री आम्ही कार्यकर्ते कंदिलाजवळ बसून कायद्याचं पुस्तक पुन्हा वाचत होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, तिच्यात बांबू, मध, लाख, तेंदूपान ह्यांच्याबरोबर औषधी वनस्पती, मुळं, कंद हे शब्द स्पष्ट आहेत. कलम ३ म्हणतं की परंपरेने गोळा होत आलेल्या वनोपजाची मालकी, गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा हक्क आहे. गावाच्या शिवेच्या आतला असो की बाहेरचा. हे आपण घोकलेलं आहे. पण नियम १३ आपण नीट वाचलेला नव्हता, ही चूक आमची. सामूहिक हक्काला पुरावा काय काय चालतो त्याची तिथे यादी आहे. चराईच्या जागा, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायच्या जागा, पाण्याच्या जागा, देवराया, स्मशानं. आणि त्याच यादीत, औषधी वनस्पती गोळा करायचे वैदूंचे इलाखे.

वैदूंचे इलाखे. वाचून आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दिल्लीत बसून कुणीतरी हे लिहिलंय, की तुमची सुईण, तुमचा भगत, तुमचा झाडपाल्याचा माणूस औषध आणायला जिथे जातो ती जागा हा पुरावा आहे. आणि आपण सातबाराच्या मागे धावत होतो.

म्हणून हा डबा आणला. डब्यातल्या प्रत्येक वस्तूला आपल्या शिवारात एक जागा आहे. त्या जागा सांगता आल्या, दाखवता आल्या, लिहिता आल्या, तर तो दावा आहे.

आता एक गोष्ट हळकुंडाची, जी ऐकून तुम्हाला कळेल की बाहेरच्या जगात पुरावा कशाला म्हणतात. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट एका विद्यापीठातल्या संशोधकांना मिळालं. पेटंट म्हणजे हे आमचं डोकं, दुसऱ्याने विचारल्याशिवाय वापरायचं नाही, असा सरकारी शिक्का. हळद जखमेवर! आपल्याकडे कोयता लागला तर पोर आधी चुलीकडे पळतं हळद घ्यायला. दिल्लीच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने तक्रार केली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. छान झालं. पण कशावर रद्द झालं? संस्कृत, हिंदी, उर्दूतल्या जुन्या पुस्तकांचे उतारे दाखवले, १९५३ सालच्या वैद्यकीय मासिकातला एक लेख दाखवला. छापलेलं होतं म्हणून हळद सुटली. घरोघरच्या बायांनी रोज लावली ह्याला वजन आलं ते कुणीतरी ते आधी लिहून ठेवलं होतं म्हणून.

मुरुडशेंग कुठल्या उताराची घ्यायची हे कुठल्या पुस्तकात आहे? वेखंडाची जागा? नाही. ते फक्त माणसांत आहे.

केरळातही एक गोष्ट घडली. अगस्त्यमलईच्या डोंगरात काणी नावाचे आपल्यासारखेच आदिवासी राहतात. १९८७ साली शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर रानात फिरत होते. चढ चढून शास्त्रज्ञ दमले, काणी पोरं मात्र एक फळ खात ताजीतवानी. विचारलं तर आधी सांगेनात. शेवटी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिरुवनंतपुरमजवळच्या संस्थेने तिच्यापासून 'जीवनी' नावाचं औषध तयार केलं आणि कंपनीला बनवायला दिलं. त्यांनी एक केलं, मिळालेल्या पैशातला अर्धा वाटा काणींना द्यायचं ठरवलं, त्यासाठी १९९७ साली काणींचा ट्रस्ट झाला. आपल्या देशात असं पहिल्यांदाच झालं म्हणतात. पण पुढची अडचण बघा. ती वनस्पती राखीव जंगलात. तिची लागवड आणि पाला काढणं ह्यावरून वनखातं आडवं आलं. ज्ञानाचे पैसे मिळाले, पण ज्या जमिनीवर ते ज्ञान उगवतं ती हातात नव्हती. आपल्या कायद्यात कलम ३ मध्येच आणखी एक हक्क लिहिलेला आहे, जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा, आणि तिच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा. दाव्याच्या अर्जात तो रकाना बहुतेक गावं कोरा सोडतात. ह्या खेपेला कोरा सोडायचा नाही.

थोडं औषधाविषयी, कारण तरुण नर्सताई बैठकीला आल्या आहेत आणि त्यांच्या मनात असेल की हे लोक गुटीचा प्रचार करायला निघाले. तसं नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं, वर काही नको, हे त्या सांगतात आणि ते आम्ही मानतो. घाण सहाण आणि ओढ्याचं पाणी ह्यांनी गुटीतून जुलाब लागतात, हे आम्ही पाहिलेलं आहे. वेखंड जास्त झालं तर पोर ओकतं. हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी आधी. बाळाची छाती उडत असेल, पीत नसेल, तर सहाण नको, गाडी बघायची. आमच्या सुईणींनाही हे कळतं. झाडपाल्याचं ज्ञान म्हणजे काय द्यायचं इतकंच नसतं, कधी द्यायचं नाही तेही त्यात येतं. आणि आपली पोरं अशक्त राहतात ती गुटी नाही म्हणून नव्हे. आईच्या ताटात काय आहे त्याने राहतात.

आता वाईट गोष्ट सांगतो. वरच्या वाडीत एक म्हातारी सुईण होती. तुमच्यातल्या निम्म्यांच्या नाळा तिने कापल्या. ओहोळाच्या अंगाला एका वळणावर वेखंड आहे, हे सगळ्यांना ऐकून माहीत, पण जागा तिलाच ठाऊक. गड्डा आणायची, परत तुकडा रोवून यायची. वेखंड तिथे आपोआप उगवलं असेल असं वाटत नाही. तिच्याही आधी कुणा बाईने ते लावलेलं असणार. म्हणजे बघा, तो पिढ्यांपूर्वी माणसाच्या हाताने केलेला वाफा आहे, राखीव जंगलाच्या मधोमध. त्याच्याएवढा चांगला पुरावा कुठला? आम्ही तिचं निवेदन लिहून घ्यायचं ठरवलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आवणी आली. आवणीनंतर जाऊ म्हटलं. श्रावणात ती गेली. दिवसकार्याला आम्ही गेलो तेव्हा तिच्या सुनेने सहाण दाखवली, मधोमध खड्डा पडलेली. वेखंडाची जागा सुनेला माहीत नाही. आम्ही चौघं दोन दिवस ओहोळ चढलो, उतरलो. सापडलं नाही.

तेव्हा ह्या वर्षी उशीर करायचा नाही. कामाची वाटणी आत्ताच सांगतो, नंतर कुणी म्हणायचं नाही की आम्हाला कळलं नव्हतं.

प्रत्येक वाडीतल्या साठीच्या पुढच्या बायांबरोबर एक शिकलेली पोरगी बसेल. पोरगीच बसवा, पोरांपुढे बाळंतपणाच्या औषधांचं बाया बोलत नाहीत. झाडाचं नाव आपल्या बोलीतलंच लिहायचं. पुस्तकी नाव शोधत बसू नका, ते नंतर कुणीही शोधेल. कुठला भाग घेतात, साल की मूळ की फळ. कुठल्या महिन्यात. आणि कुठून, ते जागेच्या नावाने. 'जंगलातून' असं लिहू नका. जागेला नाव असतं. आंब्याचा माळ, वाघाची जाळी, सुईणीचा खडक. नकाशावर खात्याने कंपार्टमेंटचा आकडा घातलाय, पण तुम्ही जागेला नाव ठेवलंत, ह्यातच वहिवाट आली. तुम्हाला ते जागेवर कुणी शिकवलं तेही लिहा. आईने, आजीने, सासूने. म्हणजे किती पिढ्या मागे जातं ते आपोआप निघेल. आपण आदिवासी, आपल्याला पंचाहत्तर वर्षांचा पुरावा लागत नाही, १३ डिसेंबर २००५ च्या आधीची वहिवाट पुरते. पण शेजारच्या ज्या बिगर-आदिवासी घरांनी पिढ्यानपिढ्या आपल्याबरोबर हिरडा वेचला, त्यांना तीन पिढ्या दाखवाव्या लागतात. त्यांनाही ह्या निवेदनांचा आधार होईल. त्यांना टाकून पुढे जायचं नाही.

नियमात वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून आहे, पण दावेदार सोडून इतरांचं. सामूहिक दाव्यात सारं गावच दावेदार. म्हणून शेजारच्या गावच्या म्हाताऱ्यांची निवेदनं घ्या. ते सांगतील की ह्या शिवेपासून त्या ओढ्यापर्यंत हिरडा ह्या गावाचा, पलीकडे आमचा. बाया माहेरच्या रानाची साक्ष देऊ शकतात, ही आमच्या एका मावशीने सुचवलेली गोष्ट आहे आणि ती फारच चांगली आहे. लग्न करून आलेली प्रत्येक बाई एका दुसऱ्या रानाची साक्षीदार आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, तेव्हा निवेदनाबरोबर जागेचा पंचनामाही करायचा.

शिवारफेरीची नोटीस वनहक्क समितीने लेखी द्यायची, महसूल आणि वनखात्याला, पोच घेऊन. २०१२ च्या दुरुस्तीत आहे की त्यांनी हजर राहून सही करायची. एकाच ठरावीक कागदाचा आग्रह धरायचा नाही, हेही त्याच दुरुस्तीत आहे. दावा फेटाळायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. परत आला तर घाबरू नका, कारण मागा. आणखी एक, नाक्यावर पोती अडवतात त्याबद्दल. आधीच्या नियमात डोक्यावरून, सायकलवरून, हातगाडीवरून नेण्याचीच मुभा होती. २०१२ ला ते बदललं. योग्य त्या वाहनाने नेता येतं आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा. तो परवाना छापायचा आहे. नमुना ह्या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे, स्टेन्सिल नीट उठली नसेल तर शाईने गिरवून घ्या.

येत्या अमावास्येनंतरच्या रविवारी खालच्या चार वाड्या, पुढच्या रविवारी वरच्या. भाकरी बांधून या. बाळहिरड्याचा हंगाम सुरू झाला की कुणालाच वेळ नाही, म्हणून त्याच्या आत. ओहोळाच्या वेखंडासाठी वरच्या वाडीच्या पोरांनी आणखी एक फेरी करायची आहे, पाऊस पडून पात फुटली की दिसेल, तलवारीसारखी उभी, चुरगळली तर वास येतो.

डबा इथेच पारावर राहील. ज्यांना कुड्याचं साल नुसतं बघून ओळखू येत नाही त्यांनी हातात घेऊन चाखून बघा. बदाम मोजून ठेवले आहेत.